वनस्पतीजन्य मलमांकडे हिशेब मागायला हवा

इसब किंवा सोरायसिस असलेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची कधीच वाण पडत नाही. आजार अंगावर उघड दिसतो, खाज लपवता येत नाही, आणि बरा झाला असे वाटेपर्यंत तो पुन्हा उलटतो. त्यामुळे काही काळाने रुग्णाच्या एका हातात डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे मलम असते आणि दुसऱ्या हातात ‘पूर्णपणे वनस्पतीजन्य’ असे छापलेली डबी असते. पहिल्याची त्याला भीती घातलेली असते, तर दुसऱ्याची ग्वाही दिलेली असते. माझ्या मते ही भीती आणि ही ग्वाही एकाच गैरसमजातून जन्मतात. पदार्थ कुठून आला यावरून तो शरीरात काय करील हे ठरते, असा तो समज आहे. वनस्पतींतील काही संयुगे दाहक त्वचाविकारांवर खरोखर उपयोगी पडली आहेत आणि पुढेही पडतील. परंतु जो कोणी उपचाराचा दावा करतो त्याने संयुगाचे नाव, त्याचे प्रमाण आणि माणसांवरील चाचणीचा पुरावा दिलाच पाहिजे. आणि असा पुरावा उभा करण्यात जिथे कोणाचाच व्यापारी फायदा नाही, तिथे तो खर्च सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे.

आधी भीतीकडे पाहू. स्टिरॉइड म्हणजे कारखान्यातले रसायन आणि वनौषधी म्हणजे निसर्गाचे देणे, ही विभागणी स्टिरॉइडच्याच इतिहासात टिकत नाही. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानकंदांमधल्या डायोसजेनिन या संयुगापासून संप्रेरके बनवण्याचा मार्ग दाखवला. १९५१ मध्ये मेक्सिको शहरातील सिंटेक्स या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच डायोसजेनिनपासून कॉर्टिसोन हे स्टिरॉइड तयार झाले, आणि पुढची बरीच वर्षे जगातील स्टिरॉइड औषधांचा मोठा वाटा या कंदांवर अवलंबून होता. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावल्याने इसब आटोक्यात येतो हे दाखवले गेले आणि त्वचारोगांच्या उपचाराची दिशाच बदलली. स्टिरॉइडचे तोटे खोटे नाहीत. तीव्र प्रकारचे मलम चेहऱ्यावर, त्वचेच्या घड्यांत किंवा लहान मुलांच्या अंगावर दीर्घकाळ लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि औषध एकाएकी थांबवल्यास दाह दुपटीने उसळू शकतो. मात्र हे तोटे आपल्याला माहीत आहेत ते मोजले गेले म्हणून. कोणत्या तीव्रतेचे मलम, शरीराच्या कोणत्या भागावर, किती दिवस, हे नियम त्या मोजणीतून आले. समोरच्या डबीबद्दल असे काही माहीत नसेल, तर तिचे तोटे नाहीत असे म्हणता येत नाही. ते मोजलेले नाहीत इतकेच म्हणता येते.

वनस्पतींनी या क्षेत्राला काय दिले आहे याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे, आणि तो अर्धवट सांगितला जातो याची मला खंत वाटते. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाने ओळखली जाणारी एक पिवळसर भुकटी गजकर्णावर वापरली जात असे. नाव गोव्याचे असले तरी ती ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडात तयार होणारी, आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून इकडे आलेली. १८७० च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी तिच्यातील द्रव्य सोरायसिसच्या चट्ट्यांवर वापरून त्याचा गुण जाहीर केला. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल युरोपात पोहोचेनासा झाला, तेव्हा जर्मनीत १९१६ च्या सुमारास त्या द्रव्याच्या रचनेत किंचित बदल करून डायथ्रॅनॉल हे कृत्रिम संयुग बनवले गेले. ते मूळ भुकटीपेक्षा शुद्ध होते, त्याची मात्रा ठरवता येत होती, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही ते सोरायसिसवर वापरले जाते. ते त्वचेला चरचरते, कपड्यांवर तपकिरी डाग पाडते, निरोगी त्वचेला लागले तर भाजल्यासारखे करते. हे सगळे लिहून ठेवलेले आहे, म्हणूनच ते आजही सुरक्षितपणे देता येते. झाडापासून संयुगापर्यंत आणि संयुगापासून मात्रेपर्यंतचा हा प्रवास ज्यांना निसर्गाशी द्रोह वाटतो, त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण झाडाचा गुण रुग्णापर्यंत नीट पोहोचला तो याच प्रवासामुळे.

दुसरे उदाहरण सोरॅलेनचे, म्हणजे त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करणाऱ्या वनस्पतीजन्य संयुगाचे, आणि ते अधिक गंभीर आहे. नाईलच्या खोऱ्यात उगवणाऱ्या अम्मी मेजस या वनस्पतीचे बी आणि आपल्याकडची बावची या दोन्हींचा कोडावर वापर फार जुना आहे. बी पोटात घ्यायचे किंवा लावायचे आणि अंग उन्हात धरायचे. १९४० च्या दशकात कैरोमध्ये अम्मी मेजसमधील कार्यकारी संयुगे वेगळी करण्यात आली आणि अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ती कोडाच्या रुग्णांवर वापरली. १९७४ मध्ये सोरॅलेनची गोळी आणि दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण यांच्या जोडउपचाराने तीव्र सोरायसिसचे चट्टे साफ होतात असे प्रसिद्ध झाले, आणि ‘पुवा’ या नावाने तो उपचार जगभर गेला. तो गुणकारी होता यात शंका नाही. पण ज्या रुग्णांनी तो घेतला त्यांचा पाठपुरावा संशोधकांनी वर्षानुवर्षे चालू ठेवला, म्हणून कळले की शेकडो वेळा हा उपचार घेतलेल्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय वाढते. सोरॅलेन पेशीतील डीएनएला चिकटते आणि प्रकाश पडला की त्याचे धागे एकमेकांशी जखडते. त्याचा गुण त्यातच आहे आणि दोषही त्यातच. त्यानंतर पुवाचा वापर आखडता घेण्यात आला आणि त्याची जागा बहुतांशी सोरॅलेनविना दिल्या जाणाऱ्या अरुंद पट्ट्याच्या अतिनील किरणांनी घेतली.

परंपरेच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा मुद्दा इथेच तपासून घ्यायला हवा. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली गोष्ट घातक असती तर लोकांच्या लक्षात आले असते, असे म्हटले जाते. लावल्यावर तासाभरात आग झाली किंवा पुरळ उठले, तर ते लोकांच्या लक्षात येते हे खरेच. त्या बाबतीत परंपरेचा अनुभव मोलाचा आहे आणि कोणते झाड तपासायचे याची दिशा तोच दाखवतो. पण वीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाचे नाते तरुणपणी घेतलेल्या बियांशी जोडणे कोणत्याही कुटुंबाच्या किंवा गावाच्या स्मृतीला शक्य नाही. त्यासाठी नोंदी लागतात, उपचार न घेतलेल्यांशी तुलना लागते आणि चिकाटी लागते. दोष परंपरेचा नाही. ते काम तिच्या आवाक्यातले नाही, एवढेच.

आता प्रयोगशाळेतून येणाऱ्या दाव्यांकडे वळू, कारण आजच्या बहुतेक जाहिराती परंपरेपेक्षा ‘संशोधनाने सिद्ध’ या शब्दांवर अधिक चालतात. त्वचेचा दाह ही एकच गोष्ट नाही. सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७ या संदेशवाहक प्रथिनांच्या साखळीमुळे त्वचेच्या पेशी इतक्या घाईने तयार होतात की जे नूतनीकरण एरवी महिनाभर चालते ते चार-पाच दिवसांत उरकते आणि खपल्यांचे थर साचतात. अ‍ॅटोपिक इसबात इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा जोर असतो, आणि अनेक रुग्णांमध्ये त्वचेचा बाहेरचा थर जन्मतःच कमकुवत असतो; फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा त्याच्याशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. या दोन आजारांवर एकच ‘दाहशामक’ लेप सारखाच चालेल अशी अपेक्षा धरण्याला आधार नाही. तरीही काचेच्या बशीतल्या पेशींवर एखादा अर्क ओतला, दाहाचा एखादा निर्देशांक खाली आला, की ‘दाहावर गुणकारी’ असे छापायला तेवढे पुरते. बशीतल्या पेशींना त्वचेचा अडसर नसतो, यकृत नसते, आणि तिथे वापरलेली मात्रा जिवंत माणसाच्या त्वचेत पोहोचेल की नाही हा प्रश्नही नसतो.

हळदीतील करक्युमिन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. हळदीच्या पुडीत ते वजनाने साधारण ३ टक्के असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शरीराच्या सामान्य आम्लतेला काही मिनिटांतच त्याचे विघटन होऊ लागते, आणि पोटात घेतले तर रक्तात अगदी नगण्य उतरते. त्यातून त्याचा एक अवघड स्वभाव असा की ते अनेक प्रकारच्या प्रथिनांशी सैलसर गुंतते, स्वतः प्रकाशमान होते, आणि त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये खोटे होकार देते. २०१७ मध्ये अमेरिकी औषधी-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्यावरील हजारो शोधनिबंधांचा आढावा घेऊन सांगितले की दुहेरी अंध (म्हणजे कोणाला औषध मिळते हे रुग्णाला किंवा डॉक्टरला माहीत नसलेली), औषधहीन गटाशी तुलना केलेली एकही मानवी चाचणी तोवर करक्युमिनच्या बाजूने निर्विवाद लागलेली नव्हती. हे निदान फार कठोर आहे असे मानणारे संशोधकही आहेत, आणि त्वचेवर थेट लावण्याचा प्रश्न पोटात घेण्याहून वेगळा आहे हेही मान्य करायला हवे. पण मग जो लावण्याचे मलम विकतो त्याने आपल्या मलमात करक्युमिन किती, ते डबीत किती महिने टिकते आणि त्वचेच्या आत किती जाते हे सांगितले पाहिजे. पिवळा रंग हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

तुलना का लागते, हे कोरफडीच्या दोन चाचण्यांवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कशावरून होत असेल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सोरायसिसचे ६० रुग्ण होते. कोरफडीचा अर्क असलेले मलम लावलेल्या ३० पैकी २५ जण बरे झाले, आणि अर्क नसलेले तसेच मलम लावलेल्या ३० पैकी केवळ दोघे. हा निकाल आजही डब्यांवरून आणि पत्रकांवरून फिरतो. २००५ मध्ये डेन्मार्कमध्ये ४१ रुग्णांवर बाजारातील कोरफडीच्या जेलची दुहेरी अंध चाचणी झाली, तीत प्रत्येक रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूला कोरफड आणि दुसऱ्या बाजूला औषधहीन जेल लावले. कोरफड लावलेल्या जागांपैकी ७२.५ टक्के जागा सुधारल्या आणि औषधहीन जेल लावलेल्यांपैकी ८२.५ टक्के. हा दुसरा निकाल कोणत्याही डबीवर आढळत नाही. त्याचा खरा धडा कोरफड निरुपयोगी आहे हा नसून, नुसत्या ओलसर, मऊ लेपानेही चट्टे मोठ्या प्रमाणात सुधारतात हा आहे. इसब आणि सोरायसिस आपोआप चढतात आणि उतरतात. माणूस नवा उपाय शोधतो तो बहुधा आजार सर्वांत चढलेला असताना. त्यानंतर तो उतरला तर श्रेय त्या उपायाला मिळते. ‘मला गुण आला’ असे प्रामाणिकपणे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत, पण त्यांच्या सांगण्यावरून कोरफडीचा वाटा वेगळा काढता येत नाही.

अशी शहानिशा उशिरा झाली की काय होते, हे इव्हिनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या तेलाने दाखवले. त्यातील गॅमा-लिनोलेनिक आम्लामुळे इसब बरा होतो असे गृहीत धरून ब्रिटनमध्ये ते वर्षानुवर्षे परवान्यासह डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिले गेले. २००२ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी तो परवाना काढून घेण्यात आला, आणि उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ मधील आढाव्यात २७ अभ्यास तपासल्यावर ते औषधहीन गोळ्यांपेक्षा सरस नसल्याचा निष्कर्ष निघाला. चिनी वनौषधींच्या काढ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. दहा वनस्पतींच्या एका ठरावीक मिश्रणाने १९९२ मध्ये लंडनमधील नियंत्रित चाचण्यांत हट्टी इसबावर चांगला गुण दाखवला. पुढे हाँगकाँगमधील चाचणीत तो दिसला नाही, आणि दरम्यान अशा काढ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येत गेल्या.

वनस्पतीजन्य संयुगे सौम्य असतात, हा समज तर त्वचेच्या बाबतीत विशेष धोक्याचा आहे. फीव्हरफ्यू या वनस्पतीतील पार्थेनोलाइड दाहाची एक मुख्य कळ बंद करते, कारण त्याचा रेणू प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना कायमचा चिकटतो. पण प्रथिनांना कायमचे चिकटणारा लहान रेणूच त्वचेत अ‍ॅलर्जी निर्माण करतो. गाजरगवताने ज्यांची त्वचा सुजून काळवंडते त्यांचा आजार याच कुळातल्या पार्थेनिनमुळे होतो. ज्या रासायनिक गुणामुळे दाह शमतो त्याच गुणामुळे तो पेटतो. किती मात्रेत, कोणाच्या त्वचेवर आणि किती वेळा, यावर सगळे अवलंबून आहे. अर्निका, कॅमोमाइल, झेंडूवर्गीय फुले यांचे अर्क असलेल्या मलमांनी संपर्कजन्य इसब झाल्याची नोंद त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाही. हवा लागून जुने झालेले टी-ट्री तेल ताज्या तेलापेक्षा अधिक अ‍ॅलर्जी देते. ऑलिव्ह तेल तर निरुपद्रवीपणाचा आदर्श मानले जाते, पण त्यातील ओलेइक आम्ल त्वचेच्या बाहेरच्या थराची घडी विस्कटते, हे २०१३ मध्ये प्रौढांवरील अभ्यासात दिसून आले. ज्याचा तो थर आधीच दुबळा आहे, अशा इसबाच्या रुग्णाला ते चोळणे शहाणपणाचे नाही.

आणि मग ती मलमे, ज्यांत वनस्पतीपेक्षा निराळेच काहीतरी असते. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी त्वचाविकारांसाठी दिल्या जाणाऱ्या ११ चिनी वनौषधी मलमांचे विश्लेषण केले. त्यांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघाले. बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या रुग्णांनी आणून दिलेल्या २४ ‘वनौषधी’ मलमांची तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. २० मलमांत स्टिरॉइड होते, आणि अनेकांत क्लोबेटासोल, म्हणजे उपलब्ध स्टिरॉइडांतील सर्वांत तीव्र प्रकारांपैकी एक. ज्या आईवडिलांनी स्टिरॉइड टाळायचे म्हणून ही मलमे निवडली, त्यांनी नकळत आपल्या मुलांच्या चेहऱ्यावर असे स्टिरॉइड लावले जे कोणताही जबाबदार डॉक्टर तिथे लावायला सांगणार नाही. त्यांच्या विश्वासाचा हा जो गैरफायदा घेतला गेला त्याबद्दल मला मनापासून संताप येतो. कितीही दिवस न हटलेला इसब एखाद्या वनौषधी मलमाने दोन-तीन दिवसांत साफ झाला, तर आनंद मानण्याआधी ते मलम तपासून घेतले पाहिजे.

मग कायद्याने काय करावे? युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाने परंपरागत वनौषधींना वेगळी वाट दिली: उत्पादनाचा दर्जा आणि सुरक्षितता दाखवायची, पण गुणकारीपणासाठी ३० वर्षांचा वापर, त्यातील १५ वर्षे संघाच्या प्रदेशात, एवढा आधार पुरेसा. किरकोळ तक्रारींसाठी ही तडजोड मी समजू शकतो. मात्र सोरायसिस किंवा इसबासारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारावर उपचार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला ही सवलत मिळू नये, आणि ‘सौंदर्यप्रसाधन’ या नावाखाली तोच दावा आडून करण्याची मुभा तर मुळीच मिळू नये. दावा करायचा असेल तर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा वापरलेला भाग, कार्यकारी संयुगाचे प्रमाण आणि माहीत असलेले अ‍ॅलर्जीकारक घटक डबीवर हवेत, आणि बाजारातून उचललेल्या नमुन्यांची स्टिरॉइडसाठी नियमित तपासणी हवी. हे अशक्य नाही. अमेरिकी नियामकाने २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओटच्या पिठाला त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली ती ठरावीक निकषांवर आणि मर्यादित दाव्यापुरती. भूर्ज वृक्षाच्या सालीतील ट्रायटर्पिनांपासून केलेले मलम, त्वचेला फोड येणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातील जखमांसाठी, २०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीनंतर २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते मूळ सालीचा अर्कच आहे. पण कशाचा, किती आणि कशासाठी हे ठरलेले अर्क.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. हजारो वर्षे माहीत असलेल्या वनस्पतीवर स्वामित्वहक्क मिळवणे अवघड असते, म्हणून मोठ्या चाचणीचा खर्च कोणतीही कंपनी सहजी करत नाही. अशा वेळी पुराव्याची अट घालणे म्हणजे स्वस्त उपाय बाजारातून हद्दपार करून महागड्या औषधांना रान मोकळे करणे, असे काहीजण म्हणतात. या अडचणीला उत्तर अट सैल करणे हे नसून चाचणीचा खर्च सरकारांनी आणि सार्वजनिक संशोधन संस्थांनी उचलणे हे आहे. कुठून सुरुवात करावी याचा एक चांगला उमेदवारही समोर आहे. नीळ देणाऱ्या वनस्पतींच्या पानांपासून केलेल्या द्रव्याचे मलम तैवानमध्ये ४२ सोरायसिस रुग्णांवर तपासले गेले; २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ७४ टक्के रुग्णांचे नीळ लावलेले चट्टे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण साफ झाले, आणि शेजारचे औषधहीन मलम लावलेले चट्टे मागे राहिले. त्यातील इंडिरुबिन हे संयुग पेशीतील आर्यल हायड्रोकार्बन रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणूंचा संदेश टिपणारे एक प्रथिन, जागा करते. त्याच रिसेप्टरवर जुन्या काळापासून वापरले जाणारे कोळशाचे डांबर काम करते, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मंजूर झालेले टॅपिनारोफही, ज्याचा मूळ रेणू मातीतल्या सूत्रकृमींसोबत राहणाऱ्या एका जिवाणूत सापडला. झाड, खनिज आणि जिवाणू असा भेद त्या रिसेप्टरपाशी उरत नाही. नीळ पोटात घेण्याचा मार्ग मात्र धोक्याचा निघाला: जपानमध्ये आतड्याच्या दाहासाठी ती घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये फुप्फुसातील रक्तदाब वाढल्याचे आढळले आणि २०१६ मध्ये तिथल्या शासनाने त्याबद्दल इशारा दिला. म्हणूनच पुढची चाचणी लावण्याच्या मलमाचीच हवी, इंडिरुबिनचे प्रमाण ठरवून, रुग्णांची संख्या शेकड्यांत ठेवून, तुलना औषधहीन मलमाशी न करता आज दिल्या जाणाऱ्या व्हिटॅमिन डी गटातील मलमाशी करून, आणि रक्तात किती उतरते व वर्षभरात काय होते याची नोंद ठेवून. आणि तिचा निकाल काहीही लागला तरी तो प्रसिद्ध करण्याचे बंधन तिला पैसे देणाऱ्या संस्थेने आधीच घालून द्यावे.